काचेच्या समुद्रातले आगंतुक

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, न्यूकी नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ च्या सुमारास एका टाकीत सारखं काही ना काही नुकसान दिसू लागलं. पोवळी तुटून पडलेली, काही तर मधोमध कापल्यासारखी, आणि एका माशाच्या अंगावर जखमा. दिवसा पाहावं तर सगळं शांत. आमिषं लावून झाली, चोर काही हाती लागेना. शेवटी कर्मचाऱ्यांनी टाकीतले दगड एकेक करून उचलले, तेव्हा तळाशी चार फूट लांबीचा, मजबूत जबड्यांचा समुद्री किडा सापडला. त्याचं ‘बॅरी’ असं बारसं झालं आणि त्याचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. या बॅरीला कोणी विकत आणलेलं नव्हतं. बहुधा कधीतरी एखाद्या खडकाच्या भोकात बसून तो बोटभर असताना आत आला आणि टाकीच्या खर्चानं पोसला गेला.

घरच्या टाकीत सहसा चार फुटांचा किडा निघत नाही. पण पोवळ्यांची टाकी, म्हणजे रीफ टँक, ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे या ना त्या आकाराचा बॅरी असतोच. कुणाच्या पोवळ्यांच्या मधोमध तपकिरी समुद्रफुलं उगवतात, कुणाची महागडी फांदी बुडापासून पांढरी पडत जाते, कुणाच्या खडकावर शेंबडासारखा चिकट थर चढतो. मग माणूस घाबरतो आणि हाताला लागेल ते औषध टाकीत ओततो. माझं मत असं की, टाक्या किडीनं जितक्या बिघडतात त्याहून जास्त या ओतण्यानं बिघडतात.

आधी टाकीत काय असतं ते पाहू. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेलं पाणी, पंचवीस-सव्वीस अंश तापमान, वर निळसर प्रखर दिवे, पाण्याला सतत खळबळ देणारे पंप आणि खडकांवर डिंकानं चिकटवलेली पोवळी. पोवळं दिसतं दगडासारखं, पण ती पॉलिप नावाच्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक पॉलिपला एक तोंड, भोवती डंख मारणाऱ्या पेशींनी भरलेल्या शुंडा आणि कातडीच्या आत सूक्ष्म शैवाल. हे शैवाल प्रकाशावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा पोवळ्याला देतं. म्हणजे पोवळ्याला प्रकाश अडला, वरचेवर डंख बसले किंवा कातडी कुरतडली गेली, की त्याची उपासमार सुरू होते.

आता यात आगंतुक येतात कुठून? १९६१ मध्ये जकार्तातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात लिहिलं की, समुद्रातून खडक जिवंत स्थितीत आणून टाकीत ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, बाकीची सफाई खडकावरचे जीव करतील. त्या काळी खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे मृत, ब्लीच केलेली पोवळी आणि अल्पायुषी मासे. एंग यांची पद्धत सर्वत्र रुजायला पुढे वीस-पंचवीस वर्षं लागली, पण आजची रीफ टँक त्याच विचारावर उभी आहे. जिवंत खडकावर नायट्रोजनचा निचरा करणारे जिवाणू येतात, स्पंज येतात, शंभर प्रकारचे किडे येतात. त्यांतले नव्वद उपकारक, दहा उपद्रवी. समुद्रात तेही दहा उपद्रवी नसतात, कारण त्यांना खाणारं कुणीतरी शेजारीच राहतं. टाकीत तो शेजारी आलेला नसतो, आणि माशांना घातलेलं जादा खाणं मात्र रोज मिळतं. म्हणून उपाय शोधताना मी दोनच प्रश्न विचारतो: याला समुद्रात कोण खातं, आणि हा वाढतो कसा?

दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते एप्टेशियावरून कळतं.

एप्टेशिया हे छोटं समुद्रफूल. उंची एक-दोन सेंटिमीटर, कधी त्याहून जास्त. देठ अर्धपारदर्शक तपकिरी, वर लांबट शुंडांचा झुबका. पहिलं दिसतं तेव्हा माणूस खूश होतो, फुकटात एक प्राणी मिळाला म्हणून. महिना-दोन महिन्यांत त्याच खडकावर आणखी दिसतात आणि शेजारचं पोवळं त्यांच्या बाजूनं आक्रसलेलं असतं. मग चिमटा घेऊन पहिली मोहीम निघते, आणि तिथंच चूक होते. हात जवळ जाताच एप्टेशिया क्षणात भोकात गडप होतो. ओढून काढलाच तर बुडाचा थोडा भाग खडकाला चिकटून राहतो, आणि त्या तुकड्यापासून नवा प्राणी तयार होतो. खरं तर त्याला चिमट्याचीही गरज नसते. चालता चालता तो आपल्या पावलाच्या कडेचे कण मागे सोडत जातो आणि प्रत्येक कणाचं पिल्लू होतं. ब्रशनं घासणाऱ्यानं तर स्वतःच्या हातानं पेरणी केलेली असते. डिवचल्यावर तो पांढरे बारीक धागेही बाहेर फेकतो. तेही डंखांनी भरलेले असतात.

तेव्हा त्याला एका जागी, अख्खा, बुडासकट मारायला हवा. यासाठी जगभर वापरलं जाणारं सर्वांत स्वस्त औषध म्हणजे चुना, म्हणजेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पोवळेवाले चुन्याची निवळी एरवीही टाकीत थेंब थेंब सोडतात, कारण तिच्यातून पोवळ्यांना सांगाड्यासाठी कॅल्शियम मिळतं. एप्टेशियासाठी मात्र घट्ट कालवण लागतं, सुईतून जेमतेम उतरेल इतकं. पानाच्या डबीतला चुना रासायनिकदृष्ट्या तोच असला तरी त्यात आणखी काय मिसळलं आहे हे डबीवर लिहिलेलं नसतं, म्हणून शुद्ध पूड घ्यावी.

कृती अशी. पंप बंद करायचे, नाहीतर चुना उडून शेजारच्या पोवळ्यावर बसतो. पाणी स्थिर झालं की एप्टेशियाला खाण्याचा एक कण द्यायचा. तो शुंडा आत वळवून तोंड उघडण्यात गुंततो. मग सिरिंज बाजूनं, सावली पडू न देता, सावकाश न्यायची आणि सुईचं टोक तोंडाच्या अगदी वर आणून एक थेंब सोडायचा. घाई केली तर तो चुन्यासकट आत जातो आणि अर्धवट भाजून वाचतो. नीट साधलं तर चुना गिळतानाच मरतो. आकसला की त्याच भोकावर आणखी एक गोळा ठेवून भोक बुजवायचं आणि दहा-पंधरा मिनिटांनी उरलेला चुना नळीनं ओढून घ्यायचा. एका बैठकीत चार-पाचच. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. एकदम तीस जणांना चुना लावायला गेलात तर टाकीच्या पाण्याचाच पीएच उसळतो आणि चुना आपल्यालाच लागतो.

एप्टेशिया मोजण्यापलीकडे गेले असतील तर सिरिंज ठेवून द्यावी आणि पहिल्या प्रश्नाकडे वळावं. बर्गिया नावाची जेमतेम दोन सेंटिमीटरची, पाठीवर झालरी असलेली एक समुद्री गोगलगाय आहे. ती एप्टेशियाशिवाय काहीही खात नाही. रात्री निघते, भोकात लपलेला एप्टेशियाही गाठते, आणि त्याच्या डंखपेशी न फोडता गिळून आपल्या पाठीवरच्या झालरींत स्वतःच्या संरक्षणासाठी साठवते. अडचणी दोन. ती सावकाश काम करते, त्यामुळे पहिले काही आठवडे पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात. आणि टाकीत खादाड रास मासे किंवा कोळंबी असेल तर शिकारी स्वतःच शिकार होतो. एप्टेशिया संपले की ती उपाशी मरते, म्हणून जाणती मंडळी ती वेळेवर पुढच्या गरजूकडे पोचवतात.

पेपरमिंट नावाची लाल-पांढऱ्या रेघांची कोळंबीही एप्टेशिया खाते. पण सगळ्याच खातात असं नाही, आणि दुकानात तिच्या नावाखाली कधी कधी उंटकोळंबी येते. पाठीला उंचवटा आणि अंगावर ठसठशीत पांढरे पट्टे-ठिपके दिसले तर घेऊ नका. ती एप्टेशिया सोडून पोवळीच खाते. लांब चोचीचा कॉपरबँड फुलपाखरू मासा देखणा आणि कामाचा, पण अनेक जण टाकीत अन्नच घेत नाहीत आणि झुरून मरतात. केवळ कीड खाण्यासाठी तो आणणं मला पटत नाही.

एक विनोद इथं सांगायलाच हवा. ज्या एप्टेशियाला हौशी मंडळी चुना लावतात, त्यालाच अनेक विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत जिवापाड जपतात. त्याच्या अंगातही पोवळ्यासारखंच सूक्ष्म शैवाल राहतं. पाणी तापलं की शैवाल का सोडून जातं, पोवळं पांढरं का पडतं, हे पोवळ्यावर तपासणं अवघड, कारण पोवळं नाजूक आणि हळू वाढणारं. एप्टेशिया मात्र काहीही करा, वाढतोच. म्हणून तो या संशोधनाचा नमुना प्राणी झाला, आणि २०१५ मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. जो चिवटपणा एका घरात शाप, तोच दुसऱ्या घरात गुण.

एप्टेशिया निदान दिसतो तरी. पोवळ्यांचे खरे वैरी दिसत नाहीत, कारण ते ज्या पोवळ्याला खातात त्याच्याच रंगाचे होतात.

ॲक्रोपोरा या फांद्यांच्या पोवळ्यावर राहणारा चपटा किडा घ्या. लांबी काही मिलिमीटर, जाडी कागदाइतकी. खाल्लेल्या पोवळ्याचं रंगद्रव्य आणि शैवाल त्याच्या पोटातून दिसत राहतं, त्यामुळे फांदीवर तो बसला आहे हे भिंगातूनही पटकन कळत नाही. कळतं ते त्याच्या खुणांवरून: फांदीवर फिकट गोलसर ठिपके, एकूण रंग उतरलेला आणि बुडाकडून कातडी सरकत चाललेली. शंका आली तर रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरनं फांदीवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. एखादी पारदर्शक चकती गटांगळ्या खात निसटली तर शंका फिटली. मग फांदीच्या बुडाशी, जिथं कातडी मरून पांढरा सांगाडा उघडा पडलाय तिथं पाहावं. तांबूस-तपकिरी बारीक अंड्यांची दाट पुंजकी तिथं चिकटवलेली असतात.

सगळा खेळ या अंड्यांचा आहे. पोवळं औषधी पाण्यात बुडवून हलवलं, म्हणजे ‘डिप’ दिलं, की किडे सुटून तळाला पडतात. पाहणाऱ्याला समाधान वाटतं आणि तो पोवळं परत टाकीत ठेवतो. अंड्यांना डिपचं काहीच होत नाही. काही दिवसांनी ती फुटतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून अंडी दिसतील तितकी सुईच्या टोकानं खरवडावी, किंवा मेलेलं बूड सरळ कापून टाकावं, आणि डिप आठवड्याला एकदा असं दीड-दोन महिने चालू ठेवावं. टाकीतली सगळी ॲक्रोपोरा या काळात वेगळ्या टाकीत ठेवता आली तर मुख्य टाकीतले किडे उपासमारीनं मरतात, कारण त्यांना दुसरं काही चालत नाही. सहा रेघांचा किंवा पिवळा रास मासा दिसेल तो किडा टिपतो, त्यानं संख्या आटोक्यात राहते. मुळापासून निकाल मात्र लागत नाही.

या किड्याचा इतिहासही मजेदार आहे. हौशी लोक त्याच्यापायी आधीच हैराण झाले होते, पण त्याला शास्त्रीय नाव मिळालं २०११ मध्ये, तेही मत्स्यालयांतून आलेल्या नमुन्यांवरून. खुल्या समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर तो त्यानंतर नोंदवला गेला. माँटिपोरा नावाची पोवळी खाणाऱ्या पांढऱ्या झालरीच्या गोगलगाईचंही तेच. टाकीवाल्यांमध्ये बदनाम असलेल्या या प्राण्याचं रीतसर वर्णन २०२० साली झालं आणि नाव मिळालं ‘फेस्टिला सबओडिओसस’. दुसऱ्या शब्दाचा अर्थ त्रासदायक. घरातल्या काचेच्या टाकीत शास्त्राला अनोळखी प्राणी निघतो, हे मला बॅरीपेक्षाही नवलाचं वाटतं. समुद्रात ही गोगलगाय बहुधा इतकी थोडी आणि इतकी लपून असते की कुणाच्या नजरेस पडली नव्हती.

डिपच्या औषधांबद्दल थोडं सांगायला हवं. बाजारात आयोडीनची, पोटॅशियमची, पाइनच्या तेलाची तयार औषधं मिळतात. अमेरिकेत बरेच जण बागेतलं कीटकनाशक वापरतात. त्यातलं इमिडाक्लोप्रिड आपल्याकडच्या शेतकऱ्याला मावा-तुडतुड्यांमुळे चांगलं ठाऊक आहे. ते काम करतं यात शंका नाही. पण डबीवर कुठंही ‘पोवळ्यांसाठी’ असं लिहिलेलं नसतं, आणि कोळंबी-खेकडे हे कीटकांचेच दूरचे नातेवाईक असल्यानं त्याचा अंश टाकीत गेला तर ते आधी मरतात. मी म्हणेन, तयार औषधांनी भागत असेल तर या वाटेला जाऊ नये. कोणतंही औषध वापरलं तरी हातमोजे घालावेत, पोवळं दोन-तीन वेळा स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून घ्यावं, आणि डिपचं पाणी टाकीत चुकूनही परत जाऊ देऊ नये.

असाच एक उपाय लाल ढेकणांवरचा. ढेकूण हे फक्त नाव; प्रत्यक्षात ते अर्ध्या मिलिमीटरचे पिवळट कोपेपॉड, अंगावर एक लाल ठिपका, तेही ॲक्रोपोरावरच. यांच्यावर चालणारं औषध म्हणजे कुत्र्यांना हृदयातल्या जंतांसाठी देतात ती मिल्बेमायसिनची गोळी. औषध काही तास टाकीत ठेवायचं, मग सक्रिय कोळशानं आणि पाणी बदलून काढायचं. अंड्यांतून नवे निघतात म्हणून दर आठवड्याला असं तीन वेळा. हौशी माणसांनी शोधलेला हा उपाय गुणकारी आहे, पण त्यात टाकीतल्या कोळंब्या, खेकडे आणि माशांचं खाद्य असलेले सगळे सूक्ष्म कवचधारी जीवही जातात. म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. सगळी पोवळी बाहेर काढून वेगळ्या भांड्यात औषध देणं कटकटीचं, पण शहाणपणाचं.

काही आगंतुक पोवळ्याला खात नाहीत, नुसतं छळतात. खडकावर पांढऱ्या बारीक नळ्या दिसतात आणि त्यांतून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पाण्यात तरंगतात. नळीत राहणारी ती वर्मेटिड गोगलगाय. धाग्यांत अडकलेलं अन्न ती धाग्यांसकट ओढून खाते. हे धागे पोवळ्यावर पडत राहिले की पॉलिप मिटून बसतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटाजवळ यांच्याच एका मोठ्या भाऊबंदाचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या सहवासात पोवळ्यांच्या सांगाड्याची वाढ ८१ टक्क्यांपर्यंत घटलेली आढळली. टाकीत उपाय सोपा: नळी मोडा आणि भोकावर सुपरग्लूचा थेंब लावा. हा डिंक पाण्यातही सुकतो आणि पोवळ्यांना बाधत नाही. पोवळी खडकावर चिकटवतात तीही त्यानंच.

दुसऱ्या टोकाला निरपराध मंडळी. केसाळ, गुलाबीसर ब्रिसल किडा रात्री टॉर्चच्या उजेडात मेलेल्या पोवळ्यावर दिसतो आणि खुनाचा आळ त्याच्यावर येतो. बहुतेक वेळा तो आलेला असतो सफाईला. उरलंसुरलं खाणं आणि मेलेलं मांस खाऊन तो पाणी बिघडू देत नाही. याला अपवाद आहेत. अटलांटिकमधला अग्निकिडा खरोखर पोवळी खातो. पण घरात निघणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना जगू द्यावं. त्यांची संख्या फार वाढली तर दोष त्यांचा नसतो, आपण खाणं जास्त घालत असतो. उघड्या हातानं मात्र धरू नका. त्याचे केस काटेरी काचतंतूंसारखे बोटात रुततात. चिकटपट्टी लावून उपटले तर बरेचसे निघतात.

आणि एक उपद्रव असा आहे, जो अति स्वच्छतेतून येतो. वाळूवर आणि फांद्यांच्या टोकांवर तपकिरी, तार सुटणारा थर, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त: हे डायनोफ्लॅजेलेट. माणूस म्हणतो, शैवाल वाढलं, म्हणजे पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालं. मग आणखी गाळण्या, आणखी शोषकं, माशांचं खाणं अर्धं. थर दुप्पट होतो. कारण हे जीव सहसा फोफावतात ते नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेल्यावरच. इतर शैवाल आणि जिवाणू उपाशी मरतात आणि मोकळी झालेली जागा हे बळकावतात. उपाय उफराटा: पोषकं थोडी वाढवायची आणि जिवाणूंची विविधता परत आणायची. ऑस्ट्रिओप्सिससारख्या ज्या जाती रात्री पाण्यात तरंगतात, त्यांना अतिनील दिव्याच्या गाळणीतून न्यायचं. ऑस्ट्रिओप्सिसला हलक्यात घेऊ नये. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोआच्या किनाऱ्यावर याचा उद्रेक झाला, तेव्हा लाटांच्या तुषारांतून आलेल्या विषानं सुमारे दोनशे लोकांना दवाखाना गाठावा लागला होता.

विषाचा विषय निघालाच आहे तर झोअँथिडांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बटणांसारखी दिसणारी, रंगीबेरंगी, स्वस्त आणि भराभर वाढणारी ही मंडळी नवशिक्यांची लाडकी. काही जाती, विशेषतः तपकिरी पॅलिथोआ, इतक्या पसरतात की त्याच कीड ठरतात. यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाई बेटांवरच्या पॅलिथोआमधून १९७१ मध्ये वेगळं केलेलं हे विष निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. खडकावरून ती काढण्यासाठी लोक खडक उकळत्या पाण्यात टाकतात, आणि निघालेली वाफ अख्ख्या घराला आजारी पाडते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं अलास्कातल्या दुकानांत आणि घरांत २०१२ ते २०१४ या काळात झोअँथिडांमुळे घडलेल्या अशा विषबाधांची नोंद केली आहे: तोंडाला धातूची चव, खोकला, ताप, अशक्तपणा. तेव्हा खडक कधीही उकळू नये, झोअँथिड कापताना चष्मा आणि हातमोजे घालावेत, ते घासू नयेत, आणि पाण्याचा फवारा तर मुळीच मारू नये.

इतके उपाय लिहिल्यावर सर्वांत चांगला उपाय सांगतो. तो कंटाळवाणा आहे, म्हणून लोक करत नाहीत. नवीन आलेलं पोवळं थेट टाकीत घालू नका. ते ज्या चकतीवर चिकटवून आलेलं असतं ती चकती काढून फेकून द्या. अंडी, एप्टेशिया आणि वर्मेटिड बहुतेक वेळा पोवळ्यावर नसतात, चकतीच्या खालच्या बाजूला असतात. डिप द्या आणि तळाला काय पडलं ते पांढऱ्या भांड्यात पाहा. मग सहा ते आठ आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. एक काचेची पेटी, एक हीटर, एक लहान पंप आणि साधा दिवा इतकंच लागतं. या मुदतीत अंडी फुटतात, किडे दिसतात, आणि दिसले की त्यांना पुन्हा डिप देता येतं. मित्रानं प्रेमानं दिलेला तुकडासुद्धा या नियमातून सुटत नाही. बहुतेक टाक्यांत कीड मित्राकडूनच आलेली असते.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. मालवणच्या समुद्रात, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर, इतकंच काय, मुंबईत वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरही जिवंत पोवळी आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी तिथल्या काही वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या होत्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळ्या कठीण पोवळ्यांचा समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी पोवळं वाघाच्याच रांगेत आहे. तेव्हा किनाऱ्यावरून खडक किंवा पोवळ्याचा तुकडा उचलून आणण्याचा विचारही करू नये, आणि दुकानदार ‘इथलाच माल आहे, ताजा आहे’ म्हणाला तर काढता पाय घ्यावा.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. मोनॅकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयाखाली १९८४ मध्ये कॉलेर्पा या शोभेच्या शैवालाचा जेमतेम चौरस मीटरभर तुकडा दिसला होता. पुढे त्यानं भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला. हेच शैवाल २००० साली कॅलिफोर्नियाच्या खाडीत सापडलं, तेव्हा त्यावर ताडपत्र्या अंथरून, आत क्लोरीन सोडून ते मारावं लागलं. पूर्ण निर्मूलन झाल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं आणि खर्च ७० लाख डॉलरच्या वर गेला. व्हेनेझुएलाच्या मोचिमा भागात सध्या युनोमिया नावाचं मऊ पोवळं मूळच्या पोवळ्यांना झाकून टाकत आहे. तेही मत्स्यालयांच्या व्यापारातूनच तिथं पोचलं.

म्हणून टाकी धुताना निघालेलं पाणी, उपटलेलं शैवाल, एप्टेशियानं भरलेला खडक किंवा नकोसं झालेलं पोवळं, यातलं काहीही खाडीत, समुद्रात किंवा तिवरांत टाकू नका. पाण्यात ब्लीच घालून एक दिवस ठेवा आणि मग मोरीत ओता. खडक घराबाहेर, नुसत्या ब्लीचच्या पाण्यात भिजवा. त्यात कोणतंही आम्ल मिसळू नका. जिवंत प्राणी नको असतील तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या किंवा ज्या दुकानातून आणले तिथं परत करा.